दोनशे बारा वेळा चार

पेला घ्यायचा होता, एवढंच. मुलीचा आधीचा पेला पाळणाघरातून कुणाच्या तरी पिशवीत गेला होता आणि तिथल्या ताईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली होती: दोन कानांचा, न फुटणारा, नाव घातलेला. दुकानात फळीसमोर उभी राहिले तर सगळे पेले एकाच रंगाचे. रंग म्हणावा असाही नव्हता तो. राखेत दूध सांडलं तर होईल तसा. खाली ताटल्या, तशाच. चमचे, लाळेरी, बाटल्या, आंघोळीचा टब, सगळ्यांवरून कुणीतरी एकच ओलं फडकं फिरवल्यासारखं. "लाल नाही का एखादा?" मी विचारलं. दुकानदारीण चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "लाल कुठला आता मॅडम. दीड वर्ष झालं, कंपनी पाठवतच नाही. निमूट म्हणतात याला, निमूट. हेच चाललंय." मला पटलं नसावं असं वाटून तिने फळीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर टिचकी मारली. कार्डावर झोपलेलं बाळ होतं आणि खाली लिहिलं होतं, डोळ्यांना शांत, मनाला शांत, चाळीस वर्षांच्या संशोधनावर आधारित. "कुणा बाईने शोध लावलाय म्हणे," ती म्हणाली, "रिकामटेकड्या असतात एकेक." शेजारी एक बाई टोपली भरत होती, सातवा-आठवा महिना असेल तिला, एक हात कमरेवर. ती हसून मला म्हणाली, "मी तर खोलीचा रंगसुद्धा हाच दिलाय. बरं वाटतं ना? काही अंगावर येत नाही." मी "हो" म्हटलं. मुलगी माझं बोट ओढत होती. मी एक पेला उचलला, ठेवला, परत उचलला आणि तिला घेऊन तशीच बाहेर पडले. कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं की पेला हातातच आहे. मग परत जाऊन तो दुकानात ठेवून आले.

आमचा विषय सांगितला की लोक आधी हसतात. व्यवस्थापनशास्त्र म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर टाय बांधलेली माणसं येतात. किटलीचं तोंड कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आमच्या विभागातल्या सरांच्या येई. सरांचं म्हणणं, कंपन्यांनाही फॅशन असते, उगाच बायकांना नावं ठेवतात. पाच-सात वर्षं सगळ्या एकाच मंत्राने घुमतात, दर्जा म्हणजे दर्जा, मग कपात म्हणजे कपात, मग नावीन्य म्हणजे नावीन्य. आणि तुम्ही हे का करताय असं विचारलं तर शेजारच्या कंपनीकडे बोट दाखवतात. "सगळा वर्ग एकमेकांची उत्तरपत्रिका बघून लिहितोय आणि पेपर कुणी काढला ते कुणालाच माहीत नाही," हे सरांचं आवडतं वाक्य. आम्हाला बघायचं होतं ते हे की वरच्या मजल्यावर मंत्र बदलला की खाली तयार होणाऱ्या इस्त्रीचा चेहरा बदलतो का. चाळीस वर्षांच्या जाहिरात-पुस्तिकांतून अकराशे छायाचित्रं आम्ही जमवली. इस्त्र्या, किटल्या, टेबलावरचे दिवे, पंखे, रेडिओ. प्रत्येकाखाली एकच प्रश्न: या वस्तूला हात लावावासा वाटतो का? एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे फार. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचे न बघता, आकडे भरायचे. आणि भरण्याआधी छायाचित्रं पत्त्यांसारखी पिसायची. म्हणजे मोजणाऱ्याचं डोकं दुखलं, त्याचं घरी भांडण झालं, तरी ते दुखणं सगळ्या वर्षांवर सारखं पसरतं, एकाच वर्षाच्या बोकांडी बसत नाही. हा नियम मीच लिहिला होता. पोटात मूल असताना, ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून.

मी पिसली नाहीत. मुलगी तीन महिन्यांची होती, डावा हात तिच्या मानेखाली अडकलेला, उजव्या हाताच्या एका बोटाने जेवढं होईल तेवढं मी करत होते. फोल्डर उघडलं, वर्षांप्रमाणे लावलेलं होतं, तसंच भरायला घेतलं. मधल्या आठ वर्षांची छायाचित्रं उशिरा हाती आली होती, बाकीची मी बाळंतपणाआधीच भरली होती; ही आठ वर्षं एकोणीस दिवसांत एकटीच माझ्या वाट्याला आली. दोनशे बारा छायाचित्रं. पहिली एक इस्त्री होती, निळ्या मुठीची. मी तिच्याकडे बघितलं. घाईने नाही, कंटाळून नाही, चांगलं मिनिटभर बघितलं. हात लावावासा वाटतो का? वाटत नव्हता. लावू नये असंही वाटत नव्हतं. चार. पुढे एक दिवा होता, त्याची टोपी फुलासारखी. चार. पंखा, चार. पलीकडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं, पडद्याची एक कडी निसटलेली, तेवढ्या भागातून पडदा ओठ लोंबल्यासारखा लोंबत होता आणि मी प्रत्येक वस्तूकडे प्रामाणिकपणे बघत होते. लोकांना हे सांगून कळणार नाही. मी कामचुकारपणा केला असता तर मधूनमधून तीन, पाच टाकले असते, दिसायला बरं दिसावं म्हणून. मी खोटं बोलले नाही म्हणूनच सगळे चार आले. मग मुलीकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते, ती माझ्या हनुवटीखाली कुठेतरी बघत होती. तोच प्रश्न आपोआप आला, सवयीने, जसा शंभर वेळा जिना चढल्यावर सपाटीवरही पाय उचलला जातो. हात लावावासा वाटतो का? मी हात लावला. वाटला म्हणून नाही. दर तीन तासांनी लावायचाच असतो.

लक्ष मात्र ठेवत होते. तिच्या दुधाच्या वेळा, शीचा रंग, किती वेळा शिंकली, सगळं वहीत होतं. खिडकीला जाळी बसवून घेतली. वायर भिंतीला चिकटवल्या. ताप नसताना ताप बघायचे, आणि नसला की परत बघायचे, आधीचा बघण्यात चुकला असेल म्हणून. एवढं लक्ष मी जन्मात कशावर ठेवलं नव्हतं. घर बंद करून गावाला गेलेल्या माणसांचे दिवे कुणी शेजारी रोज संध्याकाळी लावून जातो, तशी मी तिथे जात-येत होते. आई फोनवर म्हणे, "काय गं, आवाज का असा?" मी म्हणायचे, "झोप नाही." ते खरंच होतं, त्यामुळे संभाषण तिथे थांबायचं.

आकडे जुळवल्यावर सरांचा फोन आला. "अगं, तुला काय सापडलंय कळतंय का?" चाळीस वर्षांच्या आलेखात चढउतार, चढउतार, आणि मध्ये आठ वर्षं सपाट मैदान. ती आठ वर्षं नेमकी कपातीची. ज्या वर्षांत कंपन्या माणसं घरी पाठवत होत्या, सर म्हणाले, त्याच वर्षांत वस्तूंनीही मान खाली घातली. कुणाला आवडू नये, कुणाला खुपू नये, नजरेतच येऊ नये, म्हणजे वाचू. त्यांनी त्याला नाव दिलं, निमूट सौंदर्य. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता, साठीच्या माणसाला जिना चढल्यावर लागतो तसा. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. छायाचित्रं पिसली नव्हती, एवढे तीन शब्द. पण सर आनंदात होते आणि मला, खरं सांगायचं तर, त्याचंही काही वाटलं नाही. "छान," मी म्हटलं. लेख छापून आला, मुलगी तेव्हा रांगत होती. मग सल्लागारांनी निमूट उचललं, मग कंपन्यांनी. निमूट किटली, निमूट गादी. एकीने केलं म्हणून दुसरीने. सर व्याख्यानांत हसून सांगत, आम्ही फॅशनचा अभ्यास केला आणि अभ्यासाचीच फॅशन झाली. टाळ्या पडत. मी दुसऱ्या रांगेत बसलेली असे. वाटायला लागलं होतं ते तोवर, हळूहळू, बधिर पायात रक्त परत येताना मुंग्या येतात तसं; आणि पहिल्यांदा वाटली ती भीती.

त्या सोमवारी पेल्याशिवाय घरी आले, त्यानंतरच्या गुरुवारी माझी कायमच्या जागेसाठी मुलाखत होती. चार वर्षं मी तात्पुरती होते, दर सहा महिन्यांनी नवं पत्र. जागा एकच, आणि ती त्या लेखावर मिळणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. सांगितलं तर जागा गेली, इतकं सरळ. पण मला जागेची भीती नव्हती, किंवा तेवढीच नव्हती. आकडे चुकले म्हटलं की लोक विचारणार कसे चुकले. मग सांगावं लागणार की त्या दिवसांत मला इस्त्रीचं काही वाटत नव्हतं, दिव्याचं नव्हतं. आणि ऐकणारा, जो कुणी असेल तो, क्षणभर थांबून पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारणार. तो प्रश्न मी तीन वर्षं कुणाला विचारू दिला नव्हता. लेख छापील होता, लेखातला तक्ता छापील होता. मुलगी मोठी होऊन कधीतरी वाचेल, तारखा बघेल, स्वतःचं वय मोजेल.

नवऱ्याला विचारलं, तो मुलीचे मोजे जोड्या लावून ठेवत होता. "ती तीन महिन्यांची असताना मी कशी होते रे?"

"कशी म्हणजे? मस्त होतीस."

"म्हणजे कशी?"

"शांत. माझी ताई बघ, तिच्या वेळी नुसती रडायची, दाजींच्या अंगावर ताटली फेकली होती एकदा. तू काही नाही. आई पण म्हणायची, पोरगी समजूतदार आहे." त्याने एक मोजा उलटा करून पाहिला. "याचा भाऊ कुठाय?"

"मला तेव्हा काही वाटत नव्हतं."

"दमली होतीस गं. सगळ्याच दमतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलाखतीचं टेन्शन घेतलंयस तू. घेऊ नकोस. सर आहेत ना समितीत?" तो वाईट माणूस नाही. त्याने तेव्हा दुपटी धुतली, भांडी घासली, मला उठवायला नको म्हणून दरवाजा लावताना कडी कपड्यात धरायचा. फक्त मी निमूट होते आणि ते त्याला सुंदर वाटलं होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी मिनिटकडे गेले. दुसरे आकडे त्याने भरले होते. आम्ही त्याला मिनिट म्हणायचो कारण काही विचारलं की आधी "एक मिनिट" म्हणायचा आणि मग अर्धा तास जायचा. आता तो एका सल्लागार कंपनीत होता, काचेच्या खोलीत, राखाडी खुर्चीवर, आणि इतर कंपन्यांना निमूट शिकवत फिरायचा. माझा विश्वास होता तो एकाच गोष्टीवर. माझे आकडे खराब असतील, पण दुसऱ्या माणसाचे, वेगळं बसून भरलेले, माझ्याशी जुळले होते, शंभरात शहाण्णव. म्हणजे त्या वस्तू खरोखरच तशा असतील. म्हणजे माझं जे झालं होतं ते योगायोगाने त्या वस्तूंचंही झालं असेल.

"तू माझे बघून भरलेस का?" मी विचारलं.

"एक मिनिट. हे आत्ता का विचारतेस?"

"सांग ना."

त्याने डबा बंद केला. काचेपलीकडून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "सगळे नाही. पहिले तीसेक माझे मी भरले. सहा, दोन, पाच, असे. मग तुझा तक्ता उघडला, नुसता ताळा बघायला. आणि बघतो तर काय, चार चार चार चार. घाम फुटला मला. म्हटलं हिला काहीतरी दिसलंय. तू सरांची लाडकी, मी आपला काठावर पास. मग मीही नीट बघायला लागलो. आणि तुला खोटं वाटेल, पण थोड्या वेळाने मलाही चारच दिसायला लागले गं. शपथ. त्या फुलाच्या दिव्याला मी आधी सहा दिले होते."

"मग?"

"खोडले."

त्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक राखाडी खोली हळूहळू फिरत होती. मला हसू यायला हवं होतं. चाळीस वर्षांतल्या कंपन्यांबद्दल सर जे वर्गात सांगत ते आम्ही दोघांनी घरबसल्या करून दाखवलं होतं. "बोलणारेस का कुणाला?" त्याने विचारलं. "निदान गुरुवार तरी जाऊ दे बाई. नंतर हळूच दुरुस्ती काढा, चार ओळींची, कुणी वाचत नाही. लोकांना आवडलंय ना ते? मग कुणाचं काय बिघडलं?" मला त्या दुकानातली बाई आठवली, एक हात कमरेवर, टोपलीत राखेच्या रंगाचं एकावर एक रचत चाललेली. काही अंगावर येत नाही, म्हणाली होती. आणि मला एकदम तिला सांगावंसं वाटलं की येऊ द्यावं, काहीतरी अंगावर येऊ द्यावं. पण तिचं नाव, पत्ता, काहीच मला ठाऊक नव्हतं. "एक मिनिट," मी मिनिटला म्हटलं आणि उठले. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा केली.

बुधवारी सकाळी मुलीला पाळणाघरात सोडून सरांकडे गेले. सरांची खोली म्हणजे मेलेल्या मंत्रांचं गोदाम. कंपन्यांनी टाकून दिलेल्या घोषणांच्या पाट्या ते गोळा करत: शून्य दोष, ग्राहक हाच मालक, चौकटीबाहेर या. 'चौकटीबाहेर या'ची पाटी चौकटीत होती. सर उद्याच्या मुलाखतीचे कागद लावत होते. "ये ये, उमेदवार," म्हणाले, "आज माझ्याशी बोलायची बंदी आहे तुला, तरी बस." मी बसले नाही. बसले असते तर दुसरंच काही बोलले असते. मी सांगितलं. पिसली नव्हती. सगळे चार होते. दुसऱ्याने बघून भरले, पण त्याचं नाव नका घेऊ, दोष माझा. सरांनी पेन ठेवलं.

"किती?"

"दोनशे बारा."

"त्यात एकाही वस्तूला, एकाही, हात लावावासा वाटला नाही?"

"नाही सर."

"मुलगी केवढी होती तेव्हा?"

"तीन महिन्यांची."

ते थांबले. तो क्षण आला होता, ज्याला मी तीन वर्षं घाबरत होते, आणि तो अगदी साधा होता. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टुंगटुंग वाजत होतं. सरांनी तो प्रश्न विचारला नाही. ते उठले, खिडकी लावली, परत बसले आणि मग नवं काही सापडलं की त्यांच्या डोळ्यांत जे येतं ते आलं, ते मला ओळखीचं होतं. "बघ, हे जास्त मोठं आहे. ज्या माणसाने मोजायचं त्याची अवस्था मोजलेल्यात उतरते आणि मग बाजार ती विकत घेतो! यावर आपण दोघं मिळून..."

"सर, नको."

"अगं, तुझं नाव पहिलं टाकू."

"नको सर. ते तसंच असू दे. त्याचं काही करू नका."

माझा आवाज वर गेला असावा. सर माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू म्हातारे दिसू लागले. त्यांचं पुस्तक छापखान्यात होतं, त्यातली तीन प्रकरणं निमूटवर. "हे आज सांगायलाच हवं होतं का?" ते म्हणाले, रागाने नाही. "उद्या मला समितीसमोर बोलावं लागेल."

"हो सर."

"जागा जाईल."

"हो."

"बरं." त्यांनी उद्याचे कागद एकदा टेबलावर आपटून सारखे केले आणि बाजूला ठेवले. "लेख मागे घ्यायचं पत्र आजच जाऊ दे. कारण द्यावं लागतं. तांत्रिक त्रुटी, लिही. सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, तांत्रिक नाही लिहिणार. का ते मला नीट सांगता आलं नाही. ते आकडे चुकीचे नव्हते, ते दुसऱ्याच कशाचे तरी बरोबर आकडे होते, आणि त्या दिवसांचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. सरांनी हात हलवला, जा, हवं ते लिही, आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले.

बाहेर विभागाच्या टंकलेखक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, सगळ्यांच्या राजीनाम्यांपासून रजेच्या अर्जांपर्यंत सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. त्यांनी विभागाचा छापील कागद लावला. "सांगा." मी लेखाचं नाव सांगितलं, अंक सांगितला. मग कारण. ते मी जिन्यातून येताना जुळवलं होतं तरी मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. "या लेखातली दोनशे बारा मापनं ग्राह्य धरू नयेत. ती करताना, मुलीच्या जन्मानंतर, मला कोणत्याही गोष्टीबद्दल काहीही जाणवत नव्हतं." बाईंची बोटं कुठेही अडखळली नाहीत. शेवटचा शब्द संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, कपड्याचा पोत बघावा तसं, बारकाईने.

"तारखा लागतील," त्या म्हणाल्या. "कधीपासून कधीपर्यंत?"

पहिली तारीख मी लगेच सांगितली. त्यांनी टंकली, मग 'ते' टंकलं आणि बोटं वर धरून थांबल्या. मी आठवू लागले. मुलगी उभी राहिली तो दिवस; नाही, तेव्हा मी फक्त टेबलाचा कोपरा बघत होते. पहिला ताप, पहिला शब्द, तो मी वहीत लिहिला होता, वेळेसकट. दुकानातली ती बाई, परवाची. फोन वाजला, बाईंनी उचलला नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या आणि स्पेसची कळ आठ-दहा वेळा दाबली. "जागा सोडलीय. नंतर हाताने भरा."